कोंबडीला लस, नातवाला बघू

आप्पा पलीकडे बादलीत दुधाची पावडर कालवत होते आणि खुराड्यात कोंबड्यांनी नुसता कल्ला मांडला होता. पहाटेपासून त्यांना पाणी दिलेलं नव्हतं, मुद्दाम. तहानलेली कोंबडी पाणी समोर आलं की चोच घालतेच, आणि आज त्या पाण्यात लासोटा जायची होती, कोंबड्यांच्या राणीखेत रोगावरची लस. पावडर कशाला, तर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने लसीतला जिवंत विषाणू मरतो; दूध पडलं की क्लोरीनचा जोर जातो. हे सगळं आप्पांनी भिंतीवर कोपर टेकून मला समजावलं. पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात-नाकात थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पाण्यातून, दोन महिन्यांचं झालं की टोचून. "एक तारीख चुकली ना बाई, की खुराडं झाडूनच काढायचं."

त्यांच्या-आमच्यातली ही भिंत छातीएवढी. उभ्याने गप्पा मारायला बेताची, आणि नको तेव्हा खाली वाकून दिसेनासं व्हायलाही सोयीची. जानेवारी सरत आलेला, गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली. वारा इकडे फिरला की अख्खी कॉलनी शिंकते. नंदुरबारात या दिवसांत कुणाला खोकला झाला तर दोष मिरचीच्या खाटाचा, हे ठरलेलंच. क्षयाचा खोकलासुद्धा कित्येक घरांत आधी महिनाभर मिरचीच्या नावावर खपतो.

तेवढ्यात फाटकाशी आशाताई उभ्या राहिल्या. हातात रजिस्टर.

"आप्पा, बाळाला नऊ महिने पूर्ण झाले ना? गोवर-रुबेलाचा डोस बाकी दिसतोय."

"बघू," आप्पा म्हणाले. बादलीतली काठी थांबली नाही. "गेल्या आठवड्यात दोन दिवस ताप होता त्याला. दात येताहेत. त्यात अजून सुई कुठे."

"आता उतरला ना ताप?"

"उतरला. पण बघू. पुढच्या महिन्यात."

आशाताईंनी रजिस्टरात काहीतरी लिहिलं. परतताना याच रस्त्याने येते म्हणाल्या आणि पुढच्या घराकडे गेल्या. मला राहवलं नाही.

"आप्पा, कोंबडीची तारीख चुकली तर खुराडं रिकामं, आणि नातवाला पुढच्या महिन्यात?"

"बाई, कोंबडीचं वेगळं असतं."

झालं. त्यानंतर तासभर आम्ही दोघं त्या वेगळेपणावरच बोलत होतो. मध्ये त्यांच्या घरातून चहा आला, आमच्याकडून बिबड्या गेल्या.

आप्पांना अडाणी समजू नका. मोबाइलवर आलेलं सगळं खरं मानणाऱ्यांतले ते नव्हेत. २०२१ साली नाशिकच्या सिडकोतल्या एका गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे, नाणी चिकटतात अशी बातमी आली होती, आठवतं? अख्ख्या महाराष्ट्राने घरातले चमचे काढून दंडाला लावून पाहिले. आमच्या गल्लीत आप्पांनी काय केलं, तर दोन मुलांना बोलावलं, एकाच्या दंडाला पावडर लावली, दुसऱ्याला तसाच ठेवला. घामट अंगाला नाणं चिकटलं, पावडर लावलेल्या अंगावरून पडलं. दोघांनीही लस घेतलेली नव्हती. "हे बघा चुंबक," म्हणाले, आणि नाणं खिशात घातलं. ते नाणं त्या पोराचं होतं, हा भाग वेगळा.

तर असा हा माणूस. मग नातवाच्या दंडापाशी येऊन याची गाडी का अडते?

"यवतमाळचं विसरलात?" आप्पा म्हणाले.

विसरले नव्हते. ३१ जानेवारी २०२१, पोलिओ रविवार. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात बारा पोरांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचं सॅनिटायझर पाजलं गेलं. पोरं वाचली, पण दवाखान्यात ठेवावी लागली. त्याच वर्षी मुंबईत कांदिवलीच्या एका सोसायटीत पैसे घेऊन बनावट लसीकरण झालं. लोकांना फोटोसुद्धा काढू दिले नाहीत आणि कुप्यांत लस नव्हतीच. आप्पांनी ही दोन्ही उदाहरणं पत्ते टाकावेत तशी टाकली. मी काय बोलणार? शंका काही आभाळातून पडत नाही, अशा कारभारातूनच ती उगवते. पण कांदिवलीची माणसं लस टोचून घेतल्यामुळे फसली नाहीत, ती लस न मिळाल्यामुळे फसली. आणि यवतमाळचा दोष थेंबांचा नव्हता, कारण थेंब बाटलीतच राहिले होते. हे मी म्हटल्यावर आप्पा म्हणाले, "वकील व्हायचं होतं तुम्ही." म्हणजे उत्तर नव्हतं.

मग गाडी नवापूरला गेली. ती जातेच. आप्पांशी कुठल्याही विषयावर अर्धा तास बोला, नवापूर स्टेशन येतंच. ते स्टेशन जसं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, तसे आप्पाही अर्धे अजून तिथेच राहिलेले आहेत. २००६ साली त्यांची तिथे शेड होती. अंड्यांच्या कोंबड्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पक्षी मान टाकायला लागले. तुरे काळे-निळे, डोकं सुजलेलं, सकाळी चालती फिरती कोंबडी संध्याकाळी आडवी. सगळ्यांनी एकच नाव घेतलं, राणीखेत. दर वर्षी कुठे ना कुठे येतेच ती. काहींनी तर मेलेले पक्षी पुरून टाकले आणि उरलेले जमतील तसे विकले. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल जाहीर झाला, एच पाच एन एक. बर्ड फ्लू, भारतात पहिल्यांदा. आणि तो कुठे निघाला, तर आमच्या जिल्ह्यात, ज्याचं नाव तोवर बातम्यांत आलं तर कुपोषणासाठीच.

पुढचं आप्पा सांगतात तेव्हा कोपर भिंतीवरून खाली येतं. पांढऱ्या पोशाखातली माणसं, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मे. तीन किलोमीटरच्या आतली प्रत्येक कोंबडी मारायची, मग ती आजारी असो की धडधाकट, शेडमधली असो की कुणा म्हातारीच्या अंगणातली. खड्डे, चुना, माती. लाखोंनी पक्षी गेले, अंडी गेली, खाद्य गेलं. पलीकडे गुजरातेत उच्छललाही तेच. महिनाभरात जळगाव जिल्ह्यात पुन्हा. रेल्वेने जेवणातून कोंबडी काढली, आणि खानदेशात लग्नांच्या पंगतींत बटाट्याला सोन्याचे दिवस आले. शेडवर काम करणाऱ्यांना, ज्यांनी पक्षी मारले त्यांना टॅमिफ्लूच्या गोळ्या दिल्या. माणसांच्या रक्ताचे नमुनेही तपासले. एकाही माणसात लागण सिद्ध झाली नाही.

"मग?" आप्पा म्हणतात. "माणसाला झाला नाही ना? राणीखेतच होती ती. मी माझ्या हाताने पक्षी चिरून पाहिलेत. आतून सगळं राणीखेतचंच."

ही गोष्ट मी किती वर्षं ऐकतेय, पण तिच्यातला पेच त्या दिवशी प्रथमच नीट ध्यानात आला. राणीखेत आणि बर्ड फ्लू वरून पाहिले तर जुळे वाटावेत असे. दोन्हींत श्वास लागतो, डोकं सुजतं, हगवण लागते, कळपच्या कळप जातो. पक्षी चिरून नुसत्या डोळ्यांनी फरक सांगणं पशुवैद्यालाही अवघड, म्हणून तर नमुने भोपाळला जातात. आप्पांचे डोळे खोटं बोलत नाहीत. फक्त जे डोळ्यांना दिसतच नाही ते डोळे कसं सांगणार? आणि दुसरं असं की नावात पैसा होता. राणीखेत म्हटलं तर मेले ते मेले, उरले ते तुमचे. बर्ड फ्लू म्हटलं की उरलेलेही सरकार मारणार, वर बाजार बंद. ज्याची जिंदगानी एका नावाने खड्ड्यात जाते तो माणूस त्या नावाशी भांडणारच. मी असते तर मीही भांडले असते. पण भोपाळच्या निकालाला माझ्या-तुमच्या नुकसानीशी देणंघेणं नसतं. विषाणू सापडला, वाढवून पाहिला, ओळखला. २०२१च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा तोच आजार निघाला आणि पुन्हा पक्षी मारावे लागले, तेव्हा "राणीखेत, राणीखेत" म्हणणारे आवाज बरेच बसले होते. आप्पांचा मात्र नाही.

"बरं, राणीखेत तर राणीखेत," मी म्हटलं. "पण तुमच्या पक्ष्यांना राणीखेतची लस दिलेली होती ना?"

"अर्थात. तारखेवर."

"मग लस दिलेल्या कोंबड्या राणीखेतने अख्ख्या शेडभर कशा मेल्या?"

आप्पा गप्प झाले. बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिले. पंधरा-वीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नसावं. ज्या लसीवर त्यांचा एवढा विश्वास, त्याच लसीने त्यांचा नवापूरचा खटला कच्चा केला होता. बर्ड फ्लूची लस त्या वेळी आपल्याकडे पक्ष्यांना द्यायचीच नव्हती. मारा आणि पुरा, एवढाच मार्ग. म्हणून गेले पक्षी. राणीखेतच्या लसीने तिचं काम केलं होतं, दुसऱ्याचं काम ती करणार कशी?

"लस कधी कधी बादही निघते," ते शेवटी म्हणाले. "उन्हात राहिली तर."

हे मात्र अगदी बरोबर. आणि इथेच मला माझे शाळेत शिकवण्याचे दिवस आठवले. २०१८च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम निघाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना शाळाशाळांतून. मोबाइलवर काय काय फिरत होतं तेव्हा! मुलं वांझ होतील, अमुकांचीच संख्या कमी करायचीय, तमुक शाळेत पोरगी गेली. टोचायच्या दिवशी वर्ग अर्धे रिकामे. मी एका आईला विचारलं तर म्हणाली, "बाई, काही होणार नाही हे कळतं मला, पण काही झालं तर सासू म्हणेल तूच नेलं होतंस." या एका वाक्यात जेवढं खरं आहे तेवढं मोठमोठ्या अहवालांत नसेल. सुई टाळली आणि मूल आजारी पडलं तर ती देवाची मर्जी. सुई दिली आणि ताप आला तर ती आईची चूक. हिशेबाची ही वही आधीच एका बाजूला कललेली असते.

त्या दिवशी आलेल्या नर्सबाईंनी मला कुपीवरचा बारका चौकोन दाखवला होता. गोल ठिपक्याच्या आत फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की तो गडद होतो, आणि आजूबाजूच्या गोलाएवढा गडद झाला की कुपी फेकायची. कुपीत पाणी कालवून लस तयार केली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. बर्फाच्या पेटीत दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. धडगावच्या डोंगरात वीज गेली की ही पेटी सांभाळणं म्हणजे काय, ते तिथल्या आरोग्यसेविकांनाच ठाऊक. हे मी आप्पांना सांगितलं. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं, म्हणजे धंद्यातलं काही ऐकावं तसं. "आमच्या लासोटावर तो चौकोन नसतो," म्हणाले. आवाजात थोडा हेवा.

मग मी माझं ठेवणीतलं काढलं. राणीखेतचा विषाणू आणि गोवराचा विषाणू एकाच कुळातले आहेत. खरंच. पॅरामिक्सो म्हणतात त्या कुळाला. राणीखेत कुमाऊंच्या राणीखेत गावाजवळ १९२७ साली सापडली म्हणून तिचं ते नाव. विलायतेत तीच न्यूकॅसल. गोवर तिचा चुलत भाऊ. दोन्हींच्या लसीही एकाच तऱ्हेच्या, दुबळा करून ठेवलेला जिवंत विषाणू. आणि बर्ड फ्लू? तो वेगळ्याच घरचा.

"म्हणजे माझ्या कोंबड्यांना आणि या कार्ट्याला एकच?"

"एकच कसं, भाऊबंदकी."

"भाऊबंदकीत तर जास्त सांभाळून राहावं लागतं," आप्पा म्हणाले. आणि लगेच बाजू बदलून: "पण बाई, गोवर आम्हाला सगळ्यांना झाला. अंगावर पुरळ, कडुलिंबाचा पाला, चार दिवस खोलीत, पाचव्या दिवशी खेळायला. उष्णतेने येतो तो. उन्हाळ्याच्या तोंडाला बघा तुम्ही."

उन्हाळ्याच्या तोंडाला येतो हे खरं, पण उष्णतेने नव्हे. गोवराचा हंगामच तो. झालेल्या पोराने खोकून खोली सोडली तरी विषाणू हवेत दोन तास टिकतो, आणि एकाच्या मागे बारा-पंधरा जण सहज पडतात. म्हणून शंभरातल्या पंचाण्णव पोरांना डोस मिळाल्याशिवाय तो अडत नाही. कोविडच्या काळात डोस राहून गेले आणि २०२२च्या नोव्हेंबरात गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात पोरं पटापटा पडायला लागली, काही गेली. आपल्या जिल्ह्याला तर गोवराची भीती दुप्पट हवी. धडगाव-अक्कलकुव्यात जिथे पोराच्या अंगावर मांस नाही तिथे गोवर चार दिवसांत परत जात नाही. न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, अंगातलं जीवनसत्त्व अ संपतं, डोळे जातात. म्हणूनच नवव्या महिन्यात सुईबरोबर ते गोड औषधही पाजतात. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे कोविडच्या वर्षी नर्मदेच्या फुगवट्यातून स्वतः होडी वल्हवत, जाऊन-येऊन अठरा किलोमीटर, पलीकडच्या पाड्यांवरची कुपोषित पोरं तपासायला जायच्या. ही बाई कशाला जात होती? आप्पांनी ती बातमी कापून ठेवलेली आहे, मला माहीत आहे. त्यांच्या कपाटात मी पाहिलीय.

एवढा वेळ ओट्यावरच्या उन्हात खाटेवर बसलेली मोठी माय, म्हणजे आप्पांची आई, काही बोलली नव्हती. तिला ऐकू कमी येतं असा घरात समज आहे. तिने एकदम हाक मारली.

"अरे भाऊ, मन्हा तोंडकडे दख."

आप्पांनी पाहिलं. मीही पाहिलं. मोठ्या मायच्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत, गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यापर्यंत. आम्हाला त्यांची इतकी सवय झालीय की ते दिसेनासेच झालेत.

"सुईवाला उना की आम्ही पोरे ज्वारीमां दपी जाऊत," ती म्हणाली. "मन्ही मायच दपाडे. मंग देवी उनी. माले सोडी दिन्हं, धाकला भाऊले लई गयी."

पुढे ती काही बोलली नाही, मिरची निवडायला लागली. मुंबईत देवीची लस पहिल्यांदा टोचली १८०२ साली, तीन वर्षांच्या एका मुलीला. मोठी माय जन्मायच्या निदान सव्वाशे वर्षं आधी. म्हणजे लस नव्हती म्हणून नव्हे, ज्वारी उंच होती म्हणून तिचा भाऊ गेला. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. त्यानंतर जन्मलेल्यांना हा चेहरा कुठे दिसणार? आप्पांच्या नातवाच्या पिढीला गोवरही असाच बघावा लागला नाही तर बरं, पण न बघितलेल्याची भीती वाटत नाही, पंचाईत ती आहे. कोंबड्या मेलेल्या आप्पांनी पाहिल्या आहेत. म्हणून कोंबडीची तारीख चुकत नाही.

आप्पांनी बादली उचलली, खुराड्यात भांडी भरून ठेवली. कोंबड्यांनी झडप घातली. एकीनेही विचारलं नाही की कंपनी कुठली. ते परत भिंतीपाशी आले, हात पुसत.

"बरं. पुढच्या सत्राला नेऊ म्हणा. आशाताई आल्या की सांगतो. पण ताप आला तर तुम्ही जागायचं."

"मी जागेन."

आशाताई परतीच्या वाटेवर फाटकाशी आल्याच. आप्पा तोंड उघडणार तोच आतून सूनबाई आल्या, कडेवर बाळ आणि हातात लसीकरणाचं कार्ड. कार्ड त्यांनी सरळ आशाताईंच्या हातात दिलं. संक्रांतीला माहेरी शहाद्याला गेल्या होत्या ना, तिथे सत्र होतं. गोवर-रुबेलाच्या चौकोनात तारीख होती, सही होती.

आप्पा कार्डाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग ताप कसा नाही आला?"

"आला ना, मामा," सूनबाई म्हणाल्या. "या सुईचा आठ-दहा दिवसांनी येतो. तुम्हीच म्हणालात, दात येताहेत."